खालचं बदलल्याशिवाय वरचं बदलत नाही : 'सुपरव्हीन' हे क्रियापद कसं वापरतात

मन आणि शरीर यांच्या नात्याबद्दल किंवा नीतिमूल्यांच्या स्वरूपाबद्दल इंग्रजीतलं आधुनिक तत्त्वज्ञान वाचायला घेतलं, की काही पानांतच एक क्रियापद आडवं येतं : सुपरव्हीन. "मानसिक गुणधर्म भौतिक गुणधर्मांवर सुपरव्हीन होतात" असं एखादं वाक्य असतं आणि लेखक ते सगळ्यांना ठाऊक असल्यासारखं सोडून पुढे जातो. शब्दकोशात 'मागाहून येऊन पडणे', 'मध्येच उद्भवणे' असे अर्थ सापडतात. ते वाक्यात बसवून पाहिले तर गोंधळ वाढतो. मग वाचक 'अवलंबून असतात' असं मनाशी धरून चालू लागतो. हा अंदाज अगदीच टाकाऊ नाही. पण गेल्या पन्नासेक वर्षांत या क्रियापदावर जो काथ्याकूट झाला, तो जवळजवळ सगळा 'अवलंबून असणे' आणि 'सुपरव्हीन होणे' यांच्यातल्या फटीत झालेला आहे.

आधी व्याख्या बघू. गुणधर्मांचे दोन गट घ्या. एकाला वरचा गट म्हणू, दुसऱ्याला खालचा. वरचा गट खालच्या गटावर सुपरव्हीन होतो याचा अर्थ इतकाच : खालच्या गुणधर्मांत काहीही फरक नसेल तर वरच्या गुणधर्मांत फरक असूच शकत नाही. हेच उलट बाजूने सांगायचं तर, दोन गोष्टींत वरच्या पातळीवर फरक दिसला तर खालच्या पातळीवर कुठे ना कुठे फरक असलाच पाहिजे.

अमेरिकन तत्त्वज्ञ डेव्हिड लुईस यांनी यासाठी ठिपक्यांच्या चित्राचं उदाहरण दिलं होतं, आणि त्याहून सोयीचं उदाहरण अजून कोणाला सुचलेलं नाही असं माझं मत आहे. पडद्यावर एक चित्र आहे. ते सममित आहे, थोडं गजबजलेलं आहे, त्यात एक चेहरा दिसतो. पण पडद्यावर प्रत्यक्षात आहेत ते फक्त ठिपके : अमुक जागी अमुक रंग. आता हा चेहरा हसरा करायचा आहे, पण एकाही ठिपक्याला हात लावायचा नाही, अशी अट घातली तर? ते जमणार नाही. हसरेपणा, सममिती, गजबज हे सगळे गुण ठिपक्यांच्या मांडणीवर सुपरव्हीन होतात. ठिपके ठरले की चित्राबद्दलचं बाकी सगळं ठरलं.

व्याख्येतल्या 'असूच शकत नाही' मधला 'च' सोडून चालत नाही. दोन गोष्टी आजवर नेहमी जोडीने आढळल्या, एवढ्यावर हे क्रियापद वापरता येत नाही. समजा एखाद्या खोलीतल्या सगळ्या लाल वस्तू योगायोगाने गोल निघाल्या आणि बाकीच्या सगळ्या चौकोनी. तिथे रंग आकारावर सुपरव्हीन होतो असं कोणी म्हणणार नाही, कारण लाल चौकोन असण्यात काहीच अडचण नाही. दावा शक्यतेबद्दलचा आहे : असं होत नाही एवढंच नव्हे, असं होऊ शकत नाही.

आणि हा नियम एकाच दिशेने जातो. ठिपके तेच असतील तर चित्र तेच. पण चेहरा हसराच ठेवून ठिपके हजार तऱ्हांनी बदलता येतात. वायूचं तापमान त्यातल्या रेणूंच्या सरासरी गतिज ऊर्जेवर ठरतं. सगळ्या रेणूंची गती तीच ठेवून तापमान वेगळं असू शकत नाही. मात्र तापमान तेच राहून कुठला रेणू कुठे किती वेगाने जातो आहे, हे क्षणोक्षणी बदलत असतं. वरचं एकच आणि खालचे प्रकार अनेक, ही सूट मनाच्या तत्त्वज्ञानात फार महत्त्वाची ठरली. वेदना माणसाला होते, ऑक्टोपसलाही होत असावी; दोघांच्या मज्जासंस्था मात्र अगदी निराळ्या. वेदना म्हणजे अमुक एक मज्जाप्रक्रियाच, असं सरसकट समीकरण मांडलं की ऑक्टोपस आड येतो. 'सुपरव्हीन' म्हटलं की तो आड येत नाही.

हे क्रियापद तत्त्वज्ञानात आलं कुठून? लॅटिनमधून आलेला हा शब्द रोजच्या इंग्रजीत जुना आहे. एका आजारात दुसरा आजार उद्भवला किंवा करार झाल्यावर तो पाळणं अशक्य करणारी घटना घडली, की हा शब्द वापरला जातो. ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्रात एक वचन आहे : सुख हे कृतीला पूर्णत्व देतं, ऐन तारुण्यातल्या माणसाच्या चेहऱ्यावर टवटवी यावी तसं ते कृतीवर येतं. इंग्रजी अनुवादकांनी या 'वर येण्या'साठी हेच क्रियापद वापरलं. १९२३ साली ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ लॉइड मॉर्गन यांनी उत्क्रांतीवरच्या पुस्तकात, पदार्थापासून जीव आणि जिवापासून मन असे नवे गुण उदयाला येतात त्यासाठी ते वापरलं. पण या सगळ्यांत काहीतरी नवं येऊन बसल्याचा, घडण्याचा अर्थ आहे. आजच्या पारिभाषिक अर्थात काळ नाही, घडणं नाही. हसरेपणा ठिपक्यांच्या मागून येत नाही.

आजचा अर्थ रुजला तो नीतिशास्त्रात. जी. ई. मूर यांनी १९२२ च्या एका निबंधात हा विचार मांडला होता, शब्द मात्र वापरला नव्हता : एखाद्या गोष्टीचं अंगभूत मूल्य तिच्या अंगभूत स्वरूपावरच ठरतं, त्यामुळे तंतोतंत तशाच दुसऱ्या गोष्टीचं मूल्य वेगळं असणं अशक्य. शब्द आणि विचार यांची गाठ पक्की केली ती ऑक्सफर्डच्या आर. एम. हेअर यांनी, १९५२ च्या त्यांच्या पुस्तकात. त्यांचं उदाहरण संत फ्रान्सिसचं आहे, म्हणजे सर्वस्व सोडून गरिबीत राहिलेल्या मध्ययुगीन इटालियन संताचं. फ्रान्सिस चांगला माणूस होता असं आपण म्हणतो. आता कोणी म्हणालं, की नेमक्या त्याच परिस्थितीत, नेमका तसाच वागलेला दुसरा एक माणूस असू शकला असता, फरक एवढाच की तो चांगला नव्हता. तर आपण काय म्हणू? आपण विचारू, 'मग तो वेगळा कशात होता?' त्याचा हेतू कुत्सित होता का, तो लोकांना दाखवायला करत होता का? समोरच्याने शांतपणे सांगितलं, की नाही, हेतूही तोच, मनातले विचारही तेच, फक्त चांगलेपणा नाही, तर तो माणूस 'चांगला' हा शब्द कसा वापरायचा हेच विसरला आहे असं आपल्याला वाटेल.

इथे एक गंमत आहे. कोणता माणूस चांगला, याबद्दल माणसं टोकाची भांडतात. फ्रान्सिसला चांगलं म्हणायचं की भाबडं, यावरही भांडता येईल. पण दोन सर्वस्वी सारख्या माणसांना वेगवेगळे न्याय लावता येत नाहीत, यावर भांडणारे बहुतेक सगळे एकमत असतात. न्यायाच्या गोष्टी करताना 'त्याला एक नियम आणि मला दुसरा का?' हा प्रश्न इतका जोरकस वाटतो तो यामुळेच. उत्तर देणाऱ्याला फरक दाखवावा लागतो, निदान दाखवल्याचा आव आणावा लागतो. सायमन ब्लॅकबर्न यांनी १९७१ साली याच मुद्द्यावरून नैतिक वास्तववाद्यांना कोंडीत धरलं : नैतिक गुणधर्म जगात स्वतंत्रपणे असतील आणि साध्या वर्णनातून ते तर्काने निघत नसतील, तर ते त्या वर्णनाशी इतके घट्ट बांधलेले का? हा प्रश्न अजून मिटलेला नाही.

शब्दाचं नशीब खऱ्या अर्थाने उघडलं ते १९७० मध्ये, डोनाल्ड डेव्हिडसन यांच्या मानसिक घटनांवरच्या निबंधात. त्यांची अडचण चमत्कारिक होती. प्रत्येक मानसिक घटना ही भौतिक घटनाच आहे असं त्यांना म्हणायचं होतं. त्याचबरोबर मन आणि मेंदू यांना जोडणारे पक्के वैज्ञानिक नियम असू शकत नाहीत, असंही म्हणायचं होतं. नियम नाहीत म्हटल्यावर मन अधांतरी सुटतं. ते पुन्हा जमिनीला टेकवण्यासाठी त्यांनी हे क्रियापद उचललं : भौतिकदृष्ट्या सर्व बाबतींत सारख्या असलेल्या दोन घटना मानसिकदृष्ट्या वेगळ्या असू शकत नाहीत. एक-दोन वाक्यांत त्यांनी हे सांगितलं आणि पुढे गेले. पण वाचणाऱ्यांना ते दोन वाक्यांचं खाद्य काही दशकं पुरलं. मनाला मेंदूत पूर्णपणे विरघळवायचं नाही आणि आत्म्यासारखं वेगळंही काढायचं नाही, अशी मधली जागा शोधणाऱ्या सगळ्यांना आपला शब्द सापडला.

तो शब्द किती वजन पेलतो हे तपासायचं काम ज्यांनी आयुष्यभर केलं ते जेग्वॉन किम. कोरियात जन्मलेले, अमेरिकेत शिकवलेले किम (१९३४–२०१९) सुरुवातीला या संकल्पनेचे मोठे कारागीर होते आणि पुढे तिचे सर्वांत कठोर टीकाकार झाले. त्यांचं म्हणणं असं, की 'मन शरीरावर सुपरव्हीन होतं' हे मन-शरीर प्रश्नाचं उत्तर नाही, तो प्रश्नच आहे. फरक जोडीने येतात हे कळलं. का येतात?

हे पटायला भूमितीतलं एक उदाहरण पुरेसं आहे. गोलाचं घनफळ आणि पृष्ठफळ घ्या. दोन गोलांचं घनफळ वेगळं असेल तर पृष्ठफळ वेगळं असलंच पाहिजे. म्हणजे घनफळ पृष्ठफळावर सुपरव्हीन होतं. पण पृष्ठफळसुद्धा घनफळावर सुपरव्हीन होतं! आता यातलं कोण कोणावर अवलंबून? कोणीच नाही, दोन्ही त्रिज्येबरोबर ठरतात. याहून टोकाचं उदाहरण गणिती सत्यांचं. दोन आणि दोन चार होतात, हे कधीच बदलत नाही. जे कधी बदलतच नाही ते, खाली काही न बदलता बदलण्याचा प्रश्नच येत नाही. म्हणून व्याख्येनुसार ते कशावरही सुपरव्हीन होतं : ताऱ्यांच्या जागांवर, एखाद्याच्या डोक्यावरच्या केसांच्या संख्येवर. हे ऐकून हसू येतं, पण व्याख्येत बसतं. यावरून दिसतं, की या क्रियापदात आधार, पाया, कारण यांपैकी काहीही भरलेलं नाही. त्यात आहे ती फरकांची बेरीज-वजाबाकी. टेरेन्स हॉर्गन यांनी १९९३ च्या लेखाच्या शीर्षकातच मागणी केली, की भौतिकवाद्याला, म्हणजे जगात जे काही आहे ते शेवटी भौतिकच असं मानणाऱ्याला, नुसतं सुपरव्हीनियन्स (सुपरव्हीन होणं) पुरणार नाही, 'सुपरडुपरव्हीनियन्स' हवं. म्हणजे वरचं खालच्याला का चिकटलेलं आहे याचं भौतिकवादी मनाला पटणारं स्पष्टीकरण जोडलेलं. तत्त्वज्ञांच्या थट्टा क्वचितच टिकतात, हा शब्द मात्र टिकला.

या कारणाने मराठीत 'अधिष्ठित असणे' किंवा 'आश्रित असणे' असा प्रतिशब्द योजायला मी कचरतो. दोन्ही शब्द छान आहेत, पण दोन्हींत पाया आधीच घातलेला आहे. आणि पाया आहे की नाही हाच तर वादाचा विषय. त्यापेक्षा क्रियापद आहे तसं ठेवून एकदा अर्थ सांगून टाकावा.

माझ्या मते या क्रियापदाचा खरा उपयोग नकारात आहे. अमुक तमुकावर सुपरव्हीन होतं, हे सिद्ध करणं फार कठीण. होत नाही, हे दाखवायला एकच जोडी पुरते : खाली सगळं सारखं, वर वेगळं. नोट घ्या. सरकारी छापखान्याच्या कागदावर, त्याच शाईने, त्याच ठशांनी कोणी खोटी नोट छापली आणि ती अणूरेणूपर्यंत खरीसारखी निघाली, तरी ती खोटीच. म्हणजे नोटेचा खरेपणा नोटेच्या स्वतःच्या भौतिक गुणांवर सुपरव्हीन होत नाही. ती कोणी, कोणत्या अधिकाराने छापली हा इतिहास हिशेबात घ्यावा लागतो. इतिहास आणि संस्था खालच्या गटात घातल्या की पुन्हा सुपरव्हीन होतं. कलासमीक्षेत आर्थर डँटो यांनी हीच चाल खेळली : दिसायला हुबेहूब सारखे लाल चौकोन, पण एक चित्र अमुक विषयाचं, दुसरं तमुक विषयाचं, तिसरा नुसता रंगवलेला फलक. डोळ्यांना दिसणारे गुण सारखे असून कलाकृती म्हणून ते वेगळे, म्हणजे कलाकृती असणं दिसण्यावर सुपरव्हीन होत नाही.

सर्वांत गाजलेला नकार हिलरी पटनम यांचा, १९७५ सालचा. कल्पना करा, दूर कुठेतरी पृथ्वीची जुळी बहीण आहे. तिथेही नद्या आहेत, पाऊस आहे, तहान भागवणारा पारदर्शक द्रव आहे. फक्त त्या द्रवाची रासायनिक घडण एचटूओ नाही, भलतीच काही आहे. तिला पटनम एक्सवायझेड म्हणतात. साल १७५०, म्हणजे पाण्याची घडण कोणालाच ठाऊक नसलेला काळ. इथला एक माणूस आणि तिथला त्याचा जुळा, दोघांच्या डोक्यात सगळं सारखं. दोघंही 'पाणी' म्हणतात. पण एकाचा शब्द एचटूओला लागू होतो, दुसऱ्याचा एक्सवायझेडला. डोक्यात फरक नाही, शब्दाच्या अर्थामध्ये फरक आहे. म्हणजे अर्थ डोक्यात काय आहे त्यावर सुपरव्हीन होत नाही. माणसाच्या शरीरात पाणीच भरलेलं, मग हे जुळे तंतोतंत सारखे कसे, अशी शंका इथे चाणाक्ष वाचक घेतो. शंका रास्त आहे, आणि पाण्याऐवजी शरीरात नसलेला एखादा धातू घेऊन ती मिटवता येते.

यातून कळतं, की या क्रियापदाचं वाक्य वाचताना खालच्या गटात नेमकं काय काय घातलं आहे ते आधी बघायचं. "विचार भौतिक गोष्टींवर सुपरव्हीन होतात" हे वाक्य 'त्या माणसाच्या मेंदूवर' असं वाचलं तर पटनम त्याच्या विरोधात उभे. 'मेंदू आणि भोवतालचं जग यांवर' असं वाचलं तर पटनमना काहीच हरकत नाही.

दुसरं बघायचं ते 'च' किती ताकदीचा आहे. किम यांनी १९८४ मध्ये याचे प्रकार पाडले. शक्य जग म्हणजे जग जसं असू शकलं असतं अशी कुठलीही एक तऱ्हा. दुबळा प्रकार एका वेळी एका जगापुरता बोलतो : कुठलंही एक शक्य जग घ्या, त्या जगात खालून सारख्या असलेल्या दोन गोष्टी वरूनही सारख्या. बळकट प्रकार शक्य असलेल्या सगळ्या जगांमधल्या गोष्टींची तुलना करतो. तिसरा प्रकार सुट्या गोष्टी सोडून अख्ख्या जगांचीच तुलना करतो : दोन जगं खालून पूर्ण सारखी असतील तर वरूनही सारखी. नोटेच्या उदाहरणात इतिहास आत घ्यावा लागला, तशा ठिकाणी हा तिसरा प्रकार सोयीचा. पण किम यांनी त्यातली खोच दाखवली. समजा एक जग आपल्या जगासारखंच आहे, फरक एवढाच की तिथे शनीच्या कड्यांत अमोनियाचा एक रेणू जास्त आहे. आणि त्या जगात कोणालाच मन नाही. नियम मोडला का? नाही. खाली फरक आहेच, एका रेणूचा का होईना! शनीजवळच्या रेणूचा आणि आपल्या मनाचा संबंध काय, हे विचारायची सोय या प्रकारात नाही.

'च'ची ताकद किती निर्णायक ठरते ते डेव्हिड चामर्स यांच्या १९९६ च्या पुस्तकात दिसतं. अणूगणिक आपल्यासारखा, आपल्यासारखाच बोलणारा आणि चटका बसल्यावर हात मागे घेणारा, पण आत कसलीही जाणीव नसलेला प्राणी कल्पनेत आणता येतो, असं ते म्हणतात. त्याला त्यांनी झाँबी म्हटलं आहे. आपल्या जगात निसर्गनियम असे आहेत, की असा प्राणी होणार नाही. तेवढ्यापुरती जाणीव मेंदूवर सुपरव्हीन होते. पण तर्काच्या दृष्टीने तो शक्य आहे, म्हणून तार्किक अर्थाने ती सुपरव्हीन होत नाही. त्यांच्या टीकाकारांना हेच अमान्य आहे : कल्पनेत आणता आलं म्हणजे खरोखर शक्य आहे, हे कशावरून?

वापरातल्या नेहमीच्या चुका थोडक्यात सांगतो. वाक्याची दिशा उलटी होते : मेंदू मनावर सुपरव्हीन होतो असं लिहिलं की अर्थ पार बदलतो. 'घडवून आणणे' या अर्थाने हे क्रियापद वापरलं जातं, तेही चूक, कारण कार्यकारणात सहसा आधी आणि नंतर असतं. सुपरव्हीन होतं म्हणजे दोन्ही एकच आहेत, असंही नव्हे. एकच असतील तर सुपरव्हीन होणारच, पण उलट निघत नाही. आणि वस्तूंबद्दल बोलताना गुणधर्मांचे गट सांगायचे राहून जातात, मग 'समाज व्यक्तींवर सुपरव्हीन होतो' अशी भारदस्त पण पोकळ वाक्यं तयार होतात. व्यक्तींचे कोणते गुणधर्म? त्यांच्यातली नाती धरून की वगळून?

या शतकात या क्रियापदाची सद्दी थोडी ओसरली आहे. किट फाइन यांनी १९९४ मध्ये एक साधंच उदाहरण दिलं. सॉक्रेटिस, आणि ज्याचा एकमेव घटक सॉक्रेटिस आहे असा संच. एक असेल तर दुसरं असतंच. फरकांचा हिशेब दोन्ही बाजूंनी सारखा. तरीही संच सॉक्रेटिसमुळे आहे, सॉक्रेटिस संचामुळे नाही, हे कोणालाही कळतं. हा 'मुळे' पकडायला वेगळं साधन लागतं असं म्हणत फाइन, जोनाथन शॅफर आणि इतरांनी ग्राउंडिंग ही संकल्पना पुढे आणली. तिच्यात दिशा आहे आणि स्पष्टीकरणाचा दावा आहे. मात्र तिच्या नेमक्या अटी काय, यावर तिच्या समर्थकांतच एकमत नाही. सुपरव्हीनची व्याख्या एका ओळीत बसते.

म्हणून भौतिकवादाची व्याख्या करताना अजूनही तिच्याकडे वळावं लागतं. फ्रँक जॅक्सन यांनी १९९८ च्या पुस्तकात ती अशी केली : आपल्या जगाची भौतिक नक्कल करायची, वर काहीही भर घालायची नाही, अशी कुठलीही नक्कल प्रत्येक बाबतीत आपल्या जगासारखीच निघाली, तर भौतिकवाद खरा. 'भर घालायची नाही' ही अट अशासाठी, की एखाद्या जगात आपल्यासारखं सगळं असून शिवाय भुतंही असतील, तर त्यामुळे आपल्या जगातला भौतिकवाद खोटा ठरू नये. या चाळणीत चामर्स अडकतात, त्यांचा झाँबी नक्कल बिघडवतो. पण एखादा म्हणाला, की मन सर्वस्वी वेगळं तत्त्व आहे, फक्त ते मेंदूला कुठल्याही शक्य जगात तुटणार नाही अशा नियमाने बांधलेलं आहे, तर तो मात्र चाळणीतून पार होतो, आणि त्याला भौतिकवादी म्हणायला भौतिकवादी तयार नसतात.